कुंडीतही यत्नाचार हवा



गेल्या श्रावणात माझं जेडचं झाड जवळजवळ गेलंच होतं. सुनेनं लग्नानंतर पहिल्या वर्षी आणलेलं, म्हणून जीव जास्त. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. माती ओली असूनही झाड मलूल दिसत होतं. मला वाटलं, तहानलंय. आणखी एक तांब्या पाणी घातलं. चार दिवसांत खोड बुडाशी मऊ पडलं, कुंडीला कुबट वास यायला लागला आणि वर चिलटं भिरभिरायला लागली.

रोपवाटिकेतल्या माणसानं औषधाची बाटली पुढे केली. ती मी घेतली नाही. माझं स्पष्ट मत आहे की, या मांसल पानांच्या झाडांची मूळकूज बहुतेक वेळा बाहेरून येत नाही. आपणच ती तांब्या-तांब्यानं आणतो.

मी बी. कॉम., म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या भागातलं. पान म्हणजे त्याची पाण्याची मुदत ठेव. उन्हाळ्यात माती लवकर वाळते, म्हणजे खर्च जास्त. पावसाळ्यात हवाच दमट, खर्च अगदी थोडा. आपण मात्र रोजची जमा चालूच ठेवतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. ती गुदमरून मरतात आणि मग बुरशीला रान मोकळं. मूळच गेलं तर पाणी वर कोण चढवणार? म्हणून ओल्या मातीतही झाड तहानल्यासारखं दिसतं.

फरक ओळखता येतो. तहानलेल्या झाडाची पानं सुरकुततात, पातळ होतात आणि माती कोरडी असते. कुजणाऱ्या झाडाची पानं पिवळट, काचेसारखी आणि लिबलिबीत होतात.

आपल्यातल्या काही जणींना झाड उपटून मुळं कापायला नको वाटतं. वनस्पती एकेंद्रिय जीव, तिच्यावर कात्री कशी चालवायची? मीही दोन दिवस घुटमळले. पण तेवढ्यात कूज आणखी वर चढली. शेवटी झाड बाहेर काढलं, माती झाडली, कात्री स्पिरिटनं पुसून काळी, मऊ मुळं कापली. पांढरा, टणक भाग दिसेपर्यंत कापत गेले. मग झाड सावलीत चार दिवस उघडं ठेवलं, जखमा वाळू दिल्या. नंतर कोरड्या मातीत लावलं आणि आठवडाभर पाणी दिलं नाही. सगळीच मुळं गेली असती, तर वरची निरोगी फांदी कापून, वाळवून लावली असती, तीही जगते.

पण उपचारापेक्षा मला खबरदारीबद्दल बोलायचं आहे. आपण धान्याला ऊन देतो, ओली भांडी रात्रभर ठेवत नाही, पीठ फार दिवस साठवत नाही. का? जीव पडू नयेत म्हणून. पडल्यावर मारण्यापेक्षा पडूच न देणं, हा आपल्या घराचा यत्नाचार. मग कुंडीतली माती महिनाभर ओलीगच्च का ठेवायची? त्या ओलीतच चिलटं वाढतात, आणि मग आपण फवारा शोधतो. ती हिंसा कमी पाण्यानं टळली असती, वर पाणीही वाचलं असतं.

करायचं थोडंच आहे. बुडाला भोक असलेली मातीची कुंडी घ्या. अर्धी खतमाती आणि अर्धी भरड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे मिसळा. समुद्राची वाळू नको, ती खारट असते. तळाशी नुसते खडे घालून भागत नाही, माती सगळीच मोकळी हवी. बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर तांब्या परत ठेवा. पाणी दिलंत तर पुरतं द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका. पावसाळ्यात कुंड्या वळचणीच्या आत घ्या.

आणि एक विनंती. हळदी-कुंकवाला, बारशाला ही इवलीशी रोपं वाण म्हणून वाटायची पद्धत आली आहे. काचेच्या, भोक नसलेल्या भांड्यातली ती रोपं बऱ्याचदा महिना-दोन महिन्यांत कुजतात. मुळासकट जीव जातो म्हणून कंदमुळं न खाणाऱ्या आपण, मुळं कुजवणारी भेट द्यावी का? द्यायचीच असेल, तर भोकाची कुंडी द्या आणि पाण्याच्या दोन गोष्टी तोंडी सांगा.

माझ्या जेडला आता बुडाशी नवे कोंब आले आहेत. सून विचारत होती, कोणतं औषध घातलं? म्हटलं, काही नाही गं, तांब्या लपवून ठेवला.