चूक कंपनीची, भुर्दंड ग्राहकाला

एप्रिल २०२४ मध्ये आयसीआयसीआय बँकेची नव्याने दिलेली सुमारे १७ हजार क्रेडिट कार्डे तिच्या मोबाईल व्यवस्थेत भलत्याच ग्राहकांच्या नावांना जोडली गेली. एकाच्या कार्डाचा तपशील दुसऱ्याला दिसू लागला. बँकेने चूक मान्य केली, ती कार्डे बंद करून नवी देण्याचे जाहीर केले आणि कोणाचे आर्थिक नुकसान झाल्यास ते भरून देण्याचे आश्वासन दिले. हे योग्यच झाले. परंतु मुंबईत बसलेल्या, तज्ज्ञांची फौज पदरी असलेल्या बँकेच्या हातून असे घडू शकते, तर बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याने पीककर्जासाठी, विम्यासाठी, गॅसजोडणीसाठी आणि त्याच्या पत्नीने बचत गटाच्या कर्जासाठी ठिकठिकाणी दिलेल्या आधार, पासबुक व सातबाऱ्याच्या प्रतींची काळजी कोण वाहत असेल, हा प्रश्न आपल्याला पडलाच पाहिजे.

ही माहिती आपण राजीखुशीने देतो, असे म्हटले जाते. तो युक्तिवाद फसवा आहे. कागद दिल्याशिवाय कर्ज नाही, विमा नाही, सिलिंडर नाही, अशी स्थिती असताना दिलेल्या संमतीला स्वेच्छा म्हणणे म्हणजे उपाशी मजुराने कमी मजुरी पत्करली तेव्हा तो स्वतंत्र होता असे म्हणण्यासारखे आहे. कारखान्याने नदीत सोडलेल्या मळीचा खर्च कारखान्याच्या हिशेबात दिसत नाही, तो काठावरच्या गावांना सोसावा लागतो. माहिती सांभाळण्यात केलेल्या काटकसरीचेही तेच आहे. बचत कंपनीच्या नफ्यात जमा होते आणि हेलपाटे ग्राहकाच्या नावे लागतात.

अशा वेळी नागरिकाने काय करावे? माहिती फुटल्याचा निरोप आल्यास त्यातील दुव्यावर बोट ठेवू नये, कारण असे खोटे निरोप पाठवणारेही पुष्कळ आहेत. आपल्या नेहमीच्या शाखेत जाऊन खात्री करावी. त्यानंतर लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. कोणती माहिती गेली, कोणाकडे गेली, केव्हा गेली आणि कंपनीने पुढे काय केले, हे चार प्रश्न अर्जात असावेत. तोंडी दिलगिरीला पुढे काही किंमत राहत नाही. कार्डाचा तपशील गेला असेल तर कार्ड बंद करावे, आधारचा गेला असेल तर बोटांच्या ठशांची खूण कुलूपबंद करण्याची सोय आधार प्राधिकरणाने ठेवली आहे, तिचा उपयोग करावा. आपल्या नावावर परस्पर कर्ज उचलले गेले आहे काय, हे पतमाहिती कंपन्यांच्या अहवालावरून कळते. देशातील चारही कंपन्यांनी तो वर्षातून एकदा विनामूल्य दिला पाहिजे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. बँकेच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या फसवणुकीत ग्राहकावर कसलीही जबाबदारी येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर लोकपालाकडे जाता येते. पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत नाहीत. त्यांच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करावी लागते, हे आपल्या पतसंस्थांच्या जिल्ह्याने ध्यानात ठेवावे.

परंतु एवढी दक्षता घेऊनही झालेल्या त्रासाची भरपाई मिळेल काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. सुरक्षेत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा मोठा आहे, पण ती रक्कम सरकारी तिजोरीत जाणार आहे. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याने एक पैही मिळत नाही. उलट २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३-अ हे भरपाईचे कलम वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. जुन्या कायद्याखाली महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी २०१३ मध्ये पुण्याच्या एका उद्योजकाला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश पंजाब नॅशनल बँकेला दिला होता. म्हणजे भरपाई अशक्य होती असे नव्हे.

ती आजही अशक्य नाही. पतमाहितीतील चुकीची तक्रार ३० दिवसांत न सोडवल्यास ग्राहकाला दिवसाला १०० रुपये देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केला. कंपनीच्या दिरंगाईची किंमत थेट पीडिताच्या हाती देण्याचे तत्त्व इथे मान्य झालेच आहे. यावर कोणी म्हणेल, अशा भरपाईने लहान सहकारी संस्था बुडतील. ही शंका आम्ही हलकी मानत नाही. परंतु लहान संस्थेने मुळात गरजेपुरतेच कागद घ्यावेत आणि काम संपताच नष्ट करावेत, हा तिच्यासाठी सर्वांत स्वस्त विमा आहे. सभासदाच्या विश्वासावर उभ्या राहिलेल्या सहकाराला तो जड वाटू नये.

तोपर्यंत एक दार उघडे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना इतरांना उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही. पण संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या शेतमजुराने एकट्याने बुलढाण्याला खेटे घालायचे, तर दर तारखेला एका दिवसाची मजुरी बुडणार. कंपनी हेच जाणून असते. म्हणूनच, सारखीच तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करता येते, ही त्या कायद्यातील तरतूद महत्त्वाची आहे. शेतकरी संघटना, कामगार संघ, बचत गट आणि ग्राहक मंडळे यांनी ती हाती घेतली पाहिजे. गावोगावच्या पोचपावत्या एकत्र केल्या म्हणजे एकेकट्याची कुरकुर हे सामुदायिक गाऱ्हाणे होते.

१८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. आपल्याविषयीचा कागद दुसऱ्याच्या कपाटात असणे म्हणजे काय, हे त्यांनी ओळखले होते. तरीही जाळपोळीने प्रश्न सुटला नाही. रोख्यामागील व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार न्यायालयांना देणारा कायदा १८७९ मध्ये करावा लागला. आजचा कागद तर जाळताही येत नाही, कारण त्याच्या किती प्रती कोठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून मागणी कायद्याचीच करावी लागेल. दंडातील वाटा पीडिताला मिळावा, निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असावा आणि चूक कळवणारे पत्र ग्राहकाच्या भाषेत, आपल्याकडे मराठीत, यावे. येत्या ग्रामसभांत हे तीन ठराव मांडले जावेत आणि जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींना त्यांवर जाहीर भूमिका घेणे भाग पाडावे.