इंजिन बदललं म्हणून गाडी बाटत नाही

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या दुनियेत एक सोवळं पाळलं जातं. त्याचं नाव ‘मॅचिंग नंबर्स’. कारखान्यातून निघताना चेसिसवर आणि इंजिनवर जे नंबर होते, तीच जोडी आजही शाबूत हवी. जोडी तुटली की गाडीची किंमत उतरते, आणि मालकाने देव्हाऱ्यातली मूर्ती बदलल्यासारखं लोक त्याच्याकडे बघतात. 1950-60च्या दशकातल्या लोटस, कूपर, ऑस्टिन-हीली स्प्राइट किंवा मिनीमध्ये दुसरं इंजिन बसवणं, म्हणजे इंजिन स्वॅप, हे या सोवळेकऱ्यांच्या लेखी पाप आहे.

माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. या छोट्या रेसिंग गाड्या जन्मल्याच मुळी उसन्या इंजिनांवर. त्यांच्या बाबतीत इंजिन बदलणं म्हणजे परंपरा मोडणं नाही. तीच तर परंपरा आहे.

1946 साली चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी 500 सीसीची रेसिंग गाडी बनवली. फियाट टोपोलिनोचे दोन पुढचे भाग घेतले, एक पुढे लावला, एक मागे. ड्रायव्हरच्या पाठीशी ‘जॅप’ कंपनीचं मोटरसायकलचं इंजिन बसवलं. पाठीशी का? तर तिथून मागच्या चाकांना चेन जोडणं सोपं होतं. यात कुठलंही थोर तत्त्वज्ञान नव्हतं, निव्वळ सोय होती. पण 1959 आणि 1960 साली जॅक ब्रॅबम मागे इंजिन असलेल्या कूपरमध्येच फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, आणि पुढे इंजिन ठेवण्याची पद्धत तिथून हद्दपार झाली.

त्याच 500 सीसी वर्गात पुढे नॉर्टन मँक्सच्या इंजिनाला मागणी आली. नॉर्टन ही इंजिनं सहसा सुटी विकत नसे. मग रेसिंगवाले अख्खी मोटरसायकल घेत आणि इंजिन काढून गाडीत घालत. मागे उरलेल्या फ्रेममध्ये कुणी ट्रायम्फचं इंजिन बसवलं की ‘ट्रायटन’ तयार! एका स्वॅपच्या उरल्यासुरल्यातून दुसरा स्वॅप. आज ट्रायटनलाही लोक मानाने क्लासिक म्हणतात.

सगळ्यात मजेशीर गोष्ट कोव्हेंट्री क्लायमॅक्सची. त्यांचं ‘एफडब्ल्यू’, म्हणजे फेदरवेट, हे इंजिन बनलं होतं आग विझवण्याच्या पंपासाठी. माणसांना उचलून नेता यावं म्हणून ते हलकं, अ‍ॅल्युमिनियमचं. रेसिंगवाल्यांच्या नजरेतून हे सुटतंय कसलं? 1098 सीसीचं ‘एफडब्ल्यूए’ आलं आणि लोटस इलेव्हन, लोला मार्क वन अशा गाड्यांत जाऊन बसलं. आज ज्याला ‘अस्सल मूळ इंजिन’ म्हणून हात जोडले जातात, त्याचे पूर्वज पाणी उपसत होते.

आणि लोटस सेव्हन? 1957ला आलेल्या या गाडीत फोर्डचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन मिळायचं, बीएमसीचं ए-सिरीज मिळायचं, क्लायमॅक्सही मिळायचं. 1973 साली कॅटरहॅमने ती गाडी आपल्याकडे घेतली. त्यानंतर फोर्ड, व्हॉक्सहॉल, रोव्हर अशी इंजिनं येऊन गेली. 2013 साली तर सुझुकीचं 660 सीसी, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. यातलं शुद्ध कुठलं, हे सोवळेकऱ्यांनी सांगावं. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे ज्या रचनेत एक भाग काढून दुसरा बसवता येतो तिला चांगली रचना म्हणतात, बाटलेली नाही.

विरोधकांचं सगळंच चूक आहे असं नाही. ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतींना एफआयएचे नियम आहेत. तिथे गाडी तिच्या काळातल्या स्वरूपातच उतरायला हवी, आणि ते रास्त आहे. तिथे आधुनिक इंजिन घालणं ही सरळ फसवणूक. शिवाय प्रत्येक स्वॅप शहाणपणाचा नसतो. मिनीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खालीच, तेलाच्या सम्पमध्ये असतो, आणि दोघांना तेलही एकच. त्या जागी होंडाचं व्हीटेक बसवायचं तर पुढची सबफ्रेम बदलावी लागते, अनेकदा पुढचा पत्राही कापावा लागतो. एवढं करून ब्रेक मात्र जुनेच ठेवले, तर ते धाडस नव्हे, आत्मघात आहे. उलट स्प्राइटमधलं बिडाचं ए-सिरीज काढून रोव्हरचं अ‍ॅल्युमिनियमचं के-सिरीज घातलं, तर ताकद वाढते आणि नाकावरचं वजनही कमी होतं. हा त्या गाडीच्या स्वभावाला धरून केलेला बदल.

पण खरा वाद इंजिनाचा नाहीच, पैशाचा आहे. शर्यतीच्या गाडीत इंजिनच सगळ्यात आधी फुटतं. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला की मूळ नंबर गेला भंगारात. त्यामुळे साठ-सत्तर वर्षं मूळ इंजिन टिकलेली रेसिंग गाडी एक तर नशीबवान असते, नाही तर फारशी पळालेलीच नसते. लिलावात मात्र तिचाच भाव चढा. मग मालक गाडी काढायला घाबरतो, कारण प्रत्येक फेरीत पैसे जळण्याची धास्ती. काही महाभाग तर दुसऱ्या ब्लॉकवर जुना नंबर ठोकून घेतात. शुद्धतेचा बाजार शेवटी खोटेपणाच पोसतो, तो असा.

म्हणून माझी अट साधी आहे. चेसिस कापू नका. निघालेलं इंजिन जपून ठेवा, म्हणजे उद्या कुणाला परत बसवता येईल. आणि काय काढलं, काय घातलं, कधी घातलं याची नोंद गाडीच्या कागदांत ठेवा, विकताना ती पुढच्याच्या हातात द्या. नोंद असली की स्वॅप हा इतिहासाचाच भाग होतो, आणि लपवला तर तो डाग. या गाड्या हाताशी येईल ते घेऊन जिंकायला निघालेल्या लोकांनी बनवल्या. त्यांना काचेआड बंद करून आपण त्यांचा वारसा जपतोय, हा दावा मला तरी पटत नाही.