ऊस स्क्रीनवर, माणूस वहीत

दोस्तांनो, कॉलेजात आता इंटरनेट शिकवायला लागलेत. मराठीच्या पेपरात प्रश्न येतो : ब्लॉगलेखनाचे स्वरूप सांगून वैशिष्ट्ये लिहा. पोरगं उत्तर लिहितं. कशावर? पुरवणीवर. कशानं? बॉलपेननं. ब्लॉगला 'अनुदिनी' म्हणायचं, वेबसाइटला 'संकेतस्थळ' म्हणायचं, व्याख्या घोकायची, पाच मार्क खिशात घालायचे. त्याच खिशात दिवसभर फोन वाजत असतो. त्या फोनवर काय लिहिलं की पोलीस दारात येतात, काय लिहिलं की जातवाला खवळतो, आणि काय लिहिलं तर एखादा अन्याय कोर्टात टिकतो, हे मात्र कुणी सांगत नाही. विहीर फळ्यावर काढायची आणि पोहायला शिकवलं म्हणायचं, असला हा धंदा.

आमचं म्हणणं सरळ आहे. यंत्र वाटलं म्हणजे लेखणी वाटली जात नाही. यंत्र कुणाच्या मालकीचं, वायर कुणाच्या दारापर्यंत, त्यात कुणाचं नाव चढतं आणि कुणाचं गाळलं जातं, हे न शिकवता जो डिजिटल लेखन शिकवतो तो कारकून तयार करतो. हे आम्ही हवेत बोलत नाही. पुरावा पन्हाळ्याचा आहे.

मुंबई-पुण्याच्या पोरांना पन्हाळा ठाऊक असतो तो ट्रिपचा. सज्जाकोठीवर ढग, तीन दरवाजात फोटो, वर दणकेबाज गाणं टाकून रील. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरवले, त्यात पन्हाळा आहे. छान झालं. पण गडावरून जरा खाली बघा. वारणेचं खोरं. नजर जाईल तिथवर ऊस. तालुका पन्हाळाच. तिथं वारणानगर. साखर कारखाना, दूध, कॉलेजं, सगळं सहकाराचं.

१९९८ साली या खोऱ्यात एक प्रयोग सुरू झाला. नाव 'वायर्ड व्हिलेज'. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकानं जोडायची. निम्मा पैसा केंद्र सरकारचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणेच्या संस्थांचा. नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरचे तज्ज्ञ आले. गावातच बाजारभाव, पिकाचा सल्ला, सरकारी योजना, दाखले, नोकरीची माहिती. शहरातली पोरं तेव्हा सायबर कॅफेत तासाला पैसे मोजत होती, आणि इथं खेड्यात संगणक येऊन बसला. देशभर गाजावाजा झाला. खेड्यात क्रांती झाली म्हणाले.

झाली का? २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी इथं येऊन काम केलं. त्यांना काय दिसलं? गावोगावचा संगणक मुख्यतः एकाच कामाला जुंपलेला. उसाची नोंद, तोडीचा परवाना, किती टन गेला, खत किती उचललं. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस लावून पाहिला. काम भागलं, आणि स्वस्तात भागलं. एवढी वाजतगाजत आलेली क्रांती एका एसएमएसात मावली!

ज्याचा ऊस होता त्याचा हेलपाटा वाचला, हे आम्ही नाकारत नाही. पण ऊस कुणाचा? ज्याची जमीन त्याचा. कारखान्याचा सभासद कोण? ऊस लावणारा. मग बौद्धवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या भूमिहीनाच्या पोराचं त्या स्क्रीनवर काय होतं? त्याच्या नावावर टन नाही, सबब त्याच्या नावाची ओळ नाही. आणि जो बीडकडनं बायकापोरांसकट ऊस तोडायला येतो, कोयता मारतो, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढतो, त्याचा हिशेब कुठं? मुकादमाच्या वहीत. उचल किती घेतली, फिटली किती, अंगावर राहिली किती, मुकादम सांगेल ते खरं. त्यानं तोडलेल्या उसाचं वजन संगणकात चढलं. तोडणारे हात वहीतच राहिले. वायर उसापर्यंत आली आणि थांबली. गावकूस वायरनं तुटत नसतं, बाबांनो.

हा प्रश्न एकट्या वारणेचा नाही. तीच वायर आता वर्गात आलीय. २००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी आहे. आमच्या आयाबायांनी मजुरीतनं फी भरली. पोरांनी सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं, कारण सरकारी भरतीच्या अर्जाला ते लागतं. शिकवलं काय? मार्जिन कशी सोडायची, अक्षर ठळक कसं करायचं, प्रिंट कशी काढायची. साहेबाला लागतं ते सगळं. आता नव्या धोरणात कौशल्याचे क्रेडिट आलेत. कंटेंट रायटिंग, सोशल मीडिया मार्केटिंग. म्हणजे दुसऱ्याच्या साबणाची तारीफ तीन ओळीत कशी करायची. पोट भरायला ते शिका, आमची ना नाही. पण त्याला लेखन म्हणू नका. कारकून उठला, कंटेंट रायटर बसला. खुर्ची तीच, साहेब तोच.

आणि यंत्र तरी कितीसं पोचलं? राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी सांगते : २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतात संगणक असलेली घरं ४.४ टक्के, इंटरनेटची सोय असलेली १४.९ टक्के. त्यानंतर मार्च २०२० आला. कॉलेजं बंद, शिक्षण फोनवर. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. वाडीत रेंज नाही म्हणून पोरगी टेकाडावर. अशानं हजेरी चुकली की 'विद्यार्थ्यांना गोडी नाही' असा शेरा. आता फोन हातोहात झालेत, डेटा स्वस्त झालाय. म्हणजे प्रश्न मिटला? आत्ता तर उभा राहिला.

भाषेचंच बघा. पन्हाळ्याकडच्या पोराच्या तोंडात 'हाय', 'न्हाई', 'कवा', 'जातूय'. हे त्यानं फोनवर लिहिलं की शुद्धलेखनाचे फौजदार हजर. 'आधी न आणि ण शिक, मग अक्कल शिकव.' त्याच बोलीत त्यानं माकडचाळे केले की लोक हसून लोळतात, लाइक देतात. म्हणजे आमची भाषा हसायला चालते, विचाराला चालत नाही. अशा वेळी मास्तरनं काय करावं? सांगावं की गड्या, लिही तसंच. फोनवर लिहायला कुठल्या महामंडळाचा शिक्का लागत नाही. पण मास्तरही लाल पेन काढतो. ट्रोल आणि मास्तर एकाच शाळेतले.

वर सांगतात, नेटवर सगळ्यांना सारखी जागा. तर मग १९२० चं ऐका. ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. 'केसरी'नं पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. मार्चमध्ये याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणगावात परिषद झाली. तेव्हा नाकारणारा संपादक निदान दिसत होता. त्याच्या कचेरीचा पत्ता होता, त्याच्या नावानं शिव्या घालता येत होत्या. आजचा नाकारणारा दिसत नाही. कुणाचं वर आणायचं आणि कुणाचं दाबायचं, हे कंपनीचं गणित ठरवतं, आणि ते गणित कुणाला दाखवत नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचा प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आला. एका दलित कार्यकर्तीनं दिलेलं, ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा असं सांगणारं पोस्टर हातात धरून त्याचा फोटो निघाला. लगेच गहजब झाला आणि कंपनीच्या वरिष्ठ अधिकारी बाईंनी माफी मागितली. जगभर बोलण्याचं स्वातंत्र्य विकणारी कंपनी एका पोस्टरपुढं गारठली. हा धडा कुठल्या अभ्यासक्रमात आहे?

म्हणून वायर तोडा असं आम्ही म्हणतो का? अजिबात नाही. २९ सप्टेंबर २००६. खैरलांजी. एका कुटुंबातली चार माणसं मारली. सुरुवातीला बातमी आली ती अनैतिक संबंधाचा रंग लावून. मेल्यावरही बाईची अब्रू काढली. तेव्हा आपल्या लोकांनी गावात जाऊन अहवाल केले, फोटो मिळवले, ते ईमेलवरून, ब्लॉगवरून फिरवले, एसएमएस गेले. नोव्हेंबरात महाराष्ट्र रस्त्यावर आला. ब्लॉगची वैशिष्ट्ये त्यांनी कुठल्या पेपरात लिहिली नव्हती. त्यांना सांगायचं होतं, आणि सांगितल्याशिवाय जगता येत नव्हतं. लेखन तिथून सुरू होतं.

पण याच वायरीत करंटही आहे. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपलं एक पोरगं ठार मारलं. फोन खिशात, जात फोनमध्ये, आणि मरण टेबलावर. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन पोरींना अटक झाली. एकीनं बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीनं नुसतं लाइक केलं. ज्या कलमाखाली असल्या अटका होत, ते ६६-अ सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. तरी त्याच मेलेल्या कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवत राहिले, आणि जुलै २०२१ मध्ये कोर्टालाच धक्का बसला. ज्या पोराला कलम मेलंय हे माहीत नाही, त्याला मेलेलं कलमही आत टाकतं.

७ जून २०२३ चं कोल्हापूर आठवा. शाहूंचं कोल्हापूर. काही पोरांनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून बंद, दगड, लाठ्या, अश्रुधूर, आणि मग जिल्ह्याचं इंटरनेटच बंद. स्टेटस ठेवणारं पोरगं, दगड मारणारं पोरगं, दोघं विशीच्या आतबाहेरची. दोघांच्या हातात दुसऱ्या कुणी तरी बनवलेलं चित्र. बनवणारा कुठाय? तो कधीच सापडत नाही. पन्हाळ्यावर शिवा काशीदचा पुतळा आहे. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात, महाराजांच्या जागी पालखीत बसलेला न्हावी. आपण कशासाठी मान देतोय हे तो जाणून होता. आजचं बहुजनाचं पोरगं 'फॉरवर्ड'चं बटण दाबतं आणि पालखीत बसतं. कुणाच्या जागी बसलोय, याचा त्याला पत्ताच नसतो. गुन्हा त्याच्या नावावर, जामिनाला धावतो बाप, आणि मेसेज लिहिणारा दुसरा मेसेज लिहायला मोकळा.

मग शिकवायचं काय? ऐका. पहिलं, कुठलाही मेसेज पुढं ढकलण्याआधी विचारायला शिकवा : लिहिला कुणी, कधी, फायदा कुणाचा? दुसरं, पुरावा जपायला शिकवा. जातीवरून शिवीगाळ झाली तर नुसता स्क्रीनशॉट काढून भागत नाही. लिंक, तारीख, वेळ, मूळ फोन, सगळं सांभाळावं लागतं. कोर्टात त्याला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते ६५-ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. तिसरं, ऑनलाइन केलेला जातीय अपमानही अॅट्रॉसिटीत बसतो असं केरळ हायकोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं, ते वर्गात वाचून दाखवा. चौथं, मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तिथं कुणीही लिहू शकतं. तुमच्या गावच्या पानावर गड आहे, देऊळ आहे, कारखाना आहे. तुमची वस्ती आहे का? नसेल तर आधार देऊन लिहा. पाचवं, राज्य सरकारनं १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे खंड आज नेटवर फुकट आहेत. फॉरवर्डमधलं बाबासाहेबांच्या नावावरचं वाक्य खंडात सापडतं का, हे तपासायची सवय लावा.

आणि परीक्षा पुरवणीवर घेऊ नका. परीक्षा वारणेच्या खोऱ्यात घ्या. गळीत हंगाम सुरू झाला की पोरं तोडकऱ्यांच्या कोप्यांवर पाठवा. परवानगी घ्या. चेहरे दाखवू नका, नावं लपवा, कारण उद्या त्या बाईला त्याच मुकादमाकडं काम मागायचंय. तिच्या तोंडचा हिशेब तिच्याच बोलीत उतरवा. उचल किती, कोयता किती दिवस, टन किती, खाडे किती, दंड किती. बेरीज करा. ती बेरीज तिला वाचून दाखवा. ती म्हणाली 'बरोबर हाय', की मगच जगासमोर ठेवा. हे झालं डिजिटल लेखन. याला ना महागडा लॅपटॉप लागतो, ना कंपनीचा कोर्स. एक फोन, एक कान आणि छातीत थोडी धग, बस्स.

शहरातल्या दोस्तांनो, तुमच्याकडं टायपिंगचा वेग आहे, इंग्रजी आहे, कायद्याचं वाचन आहे. गडावर ढग बघायला येता, तसं एकदा खाली या. आठ दिवस या. आमच्या बाजूनं लिहायला नको, लिहिता येईल तेवढं शिकवून जा.

आणि मास्तर, मार्कं द्यायचीच असतील तर त्या पोरीला द्या, जिच्या लिहिण्यानं मुकादमाला एक दिवस वही उघडून दाखवावी लागली.