वंशवृक्षातली रिकामी चौकट



कुटुंबाचा पाठ शिकवताना आपण मुलांना वंशवृक्ष काढून आणायला सांगतो. मीही सांगते. दोन वर्षांपूर्वी तिसरीतल्या एका मुलीच्या वंशवृक्षात आजोबांच्या वरच्या दोन्ही चौकटी रिकाम्या होत्या. मी लाल पेनाने 'अपूर्ण' असा शेरा मारून वही परत दिली. ती काहीच बोलली नाही.

तो शेरा चुकला, हे मला कळलं अमेरिकेच्या दक्षिण भागाविषयी वाचताना. तिथल्या खेड्यापाड्यांत उन्हाळ्यात कुटुंबमेळावे भरतात. शहरांत पांगलेली माणसं गावी येतात, एकत्र जेवतात, पूर्वजांच्या कबरींभोवतीचं गवत काढतात. म्हातारी माणसं कोण कुणाचं ते सांगतात. आपल्याकडे जत्रेला गाव भरतं, तसंच की हे!

पण तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची वंशावळ एका जागी येऊन अडते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी असे. मालकाचं नाव, आणि त्याखाली गुलामांचं फक्त वय, लिंग, वर्ण. नाव बहुतेक नाहीच! १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि १८७० च्या जनगणनेत ही माणसं पहिल्यांदा नावानिशी नोंदली गेली. त्यामागची चौकट रिकामी राहते, त्यात घरच्यांचा काय दोष? ती कुणीतरी रिकामी ठेवलेली आहे.

१९७७ साली 'रूट्स' ही मालिका टीव्हीवर आली. त्यानंतर डोरोथी स्प्रुइल रेडफर्ड यांना त्यांच्या मुलीने विचारलं, आपण मूळचे कुठले? आईकडे उत्तर नव्हतं. त्या काही इतिहासकार नव्हत्या. तरी त्यांनी अनेक वर्षं जुनी खरेदीखतं, मालकांचे कागद धुंडाळले. माणूस म्हणून जी नावं कुणी लिहिली नाहीत, ती मालमत्ता म्हणून लिहिलेली सापडली! शोध उत्तर कॅरोलिनातल्या सॉमरसेट प्लेस या मळ्यापाशी पोचला. १९८६ मध्ये तिथे राबलेल्या गुलामांचे सुमारे दोन हजार वंशज त्याच मळ्यावर जमले. लेकीच्या एका प्रश्नातून हे सगळं उभं राहिलं.

हे वाचल्यावर मला ती वही आठवली. पालकसभेला त्या मुलीची आजी आली, तेव्हा मी विचारलं. म्हणाली, "बाई, बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर हे पोरके झाले. लहानगं पोर. आईबापाची नावं सांगणारं कुणी उरलंच नाही."

ती चौकट अपूर्ण नव्हती हो. त्यात एक अख्खा दुष्काळ होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वंशवृक्षाला गुण देऊ नका. तो वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नका. आडनाव, गाव, घरातलं दुःख, सगळं त्यात उघडं पडतं. सांगायचं की नाही, ते मुलाला ठरवू द्या. चौकट रिकामी असेल तर तिथे एक प्रश्न लिहायला सांगा: हे नाव कुणाला माहीत असेल?

आणि पालकहो, घरात म्हातारं माणूस असेल तर आजच वही-पेन घेऊन शेजारी बसा. नाव, गाव, काय काम करायचे, एवढं तरी लिहून ठेवा. कागद मागाहूनही सापडतो. माणूस गेलं की विचारायचं कुणाला?

मी आता तो शेरा खोडला आहे. त्याच चौकटीत मुलीने लिहिलंय, '१९७२. खडीचे काम.'