तोंडी नकार आणि लेखी पोच



1 नोव्हेंबर जवळ आला की तेच! फेरीसाठी अर्ज द्यायचा आणि ‘परवानगी नाही’ हे तोंडी ऐकून परतायचे. एकदा आम्हीही असेच परतलो. वीस वर्षे काउंटरवर शिक्के मारणाऱ्या माणसाने स्वतःच्या अर्जाची पोच मात्र घेतली नव्हती!

घटनेच्या 19व्या कलमाने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे. पोलीस वेळ ठरवतील, मार्ग बदलतील, अटी घालतील, ते मान्य. पण रस्त्यावरील सभांना सरसकट मनाई करता येत नाही आणि परवानगी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या हिंमतलाल शहा खटल्यात 1972 सालीच सांगितले आहे. जमावबंदीचे जुने 144 कलम 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत 163 झाले. तो आदेशही लेखीच लागतो, कारणांसह.

तेव्हा यंदा अर्ज दोन प्रतींत द्या. मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार व्यक्तींची नावे लिहा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी काढा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घेतल्याशिवाय ठाणे सोडू नका. नकार आला तर लेखी मागा. धारवाडच्या खंडपीठात दाद मागताना हेच कागद हाती हवेत.