रान माजले, ते कोणी माजविले?

वसईच्या हिरव्या पट्ट्याविषयी आम्ही सारेच गहिवरून बोलतो. सभांतून बोलतो, लग्नाच्या मांडवात बोलतो, परदेशातून सुट्टीवर आलेल्या भाच्यापुतण्यांना तर हमखास ऐकवितो. परंतु आगाशी-नंदाखालपासून गिरीज-भुईगावापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा जे हिरवे दिसते, ते नेमके काय आहे हे खाली उतरून पाहण्याची आमची तयारी नसते. त्यातले कितीतरी हिरवे केळीचे नाही, पानवेलीचे नाही, भाताचे तर नाहीच. ती आहे घाणेरी, ते आहे गाजरगवत, त्यात मधूनमधून सुबाभळीची दाटी. वाडवडिलांनी बावखलाचे पाणी रहाटाने ओढून जी वाडी जोपासली, तिच्यात आज माणसाला शिरता येत नाही.

याचे खापर आम्ही पावसावर, बाजारभावावर आणि सरकारवर फोडतो. मजूर मिळत नाही, भातात खर्चही निघत नाही, सातबारावर अकरा नावे आहेत आणि त्यांतली चार कॅनडात. ही गाऱ्हाणी खोटी नाहीत. पण त्यांच्या आड एक वेगळीच भीती लपलेली असते. शेजारच्या गरजू कुटुंबाला दोन हंगाम भाजी लावू दिली, तर उद्या तो कूळ म्हणून उभा राहील! १९४८ च्या ज्या कूळकायद्याने १९५७ पासून कित्येक राबणाऱ्यांना जमिनीचे धनी केले, त्याच कायद्याच्या धाकाने आज जमिनीचे धनी आपली शेते काट्यांच्या स्वाधीन करतात. भीती अगदीच अनाठायी आहे, असेही आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न साधा आहे: स्वतःच्या शेतातली घाणेरी स्वतः उपटल्याने कोण कूळ होतो?

रान माजू देण्याची किंमत एकट्या मालकाला मोजावी लागत नाही. पिकते शेत विकताना घरातली म्हातारी रडते, भाऊ भांडतो, शेजारी दोन शब्द सुनावतो. काटेरी रान विकताना कोणी रडत नाही. दलालाला हे पुरते ठाऊक असते. तो भाताच्या खाचरात सहसा पाऊल टाकत नाही, झुडपे वाढलेल्या तुकड्याशी मात्र मोटार थांबवितो. मग भरावाचे डंपर येतात, बांध जातो, बावखल बुजते आणि पाणी आपली वाट शोधत शेजाऱ्याच्या ओटीवर येते. २०१८ च्या जुलैत वसई दिवसचे दिवस पाण्यात बुडाली होती, तेव्हा आम्ही रेल्वेला आणि पालिकेला शिव्या दिल्या. दिल्या ते ठीकच. पण बुजलेले ओहोळ कोणाच्या सातबाऱ्यावरचे होते, हे कोणी विचारले नाही.

आता साफसफाई करणारेही आहेत. त्यांच्याशी तर आमचे भांडण अधिक आहे. एकजण काडी लावतो. घाणेरीचा पाला जळतो, बुंधा जमिनीत जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात दुप्पट फांद्या फोडतो. (भाताच्या रोपासाठी राब भाजणे ही निराळी गोष्ट, तिच्याशी याची गल्लत नको.) दुसरा ग्लायफोसेट फवारतो. या औषधाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली संशयितांच्या यादीत घातले आणि केंद्र सरकारने २०२२ साली त्याच्या वापरावर निर्बंध आणले, तरी विहिरीच्या काठावर पंप पाठीला लावून निघणारे आहेतच. तिसरा जेसीबी बोलावतो. तासाभरात मैदान! पण झुडपाबरोबर वरची काळी मातीही ढिगात गेली आणि बांधाची मेर पुसली गेली, याचा हिशेब त्या तासाच्या भाड्यात धरलेला नसतो.

घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून कलकत्त्याच्या उद्यानात आली. गाजरगवताची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. दोन्ही अमेरिका खंडातली. म्हणून "राहू द्या, तेवढेच निसर्गाला" असे म्हणणाऱ्या सुशिक्षितांनी ध्यानात घ्यावे की, घाणेरीची जाळी म्हणजे जंगल नव्हे. तिच्याखाली आपल्याकडची रोपे सहसा तग धरत नाहीत. खाडीकाठच्या खाजणात उगवलेली खारफुटी मात्र वेगळी. तिला हात लावू नये. उच्च न्यायालयानेही २००५ आणि २०१८ साली तिच्या तोडीला मनाई केली आहे. शेत साफ करण्याच्या नावाखाली तिच्यावर कोयता चालविणारा आणि भराव टाकणारा यांत आम्ही फरक करीत नाही.

काम कठीण आहे, गूढ नाही. मृगाच्या सरींनी माती मऊ झाली की पहार घेऊन उतरावे. घाणेरीचे मुख्य मूळ जमिनीखाली चार बोटे तोडावे आणि झुडूप उलटे करून सुकू द्यावे. गाजरगवत फुलण्याआधी उपटावे, तेही हातमोजे घालून, कारण त्याने अंगाला खाज सुटते. पायात बूट हवेत आणि शिरण्यापूर्वी काठी आपटावी. फुरसे नि घोणस अशाच जाळीत असतात. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच ताग किंवा धैंचा पेरावा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एकट्याला हे झेपत नाही, म्हणून कोकणात सावड घालतात: आज तुझ्या वाडीत, उद्या माझ्या. पाच घरांनी मिळून रविवारचे तीन तास काढले तरी पावसाळ्यात एक वाडी मोकळी होईल. मिस्सा सकाळी सातची असेल, तर आठला पहार हाती घेता येते. ऊन तेव्हा फारसे चढलेले नसते.