विमान कुणाचे आणि तोटा कुणाचा?

मंडळी, शेतीच्या पानावर विमानाचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. नागपूरकडे जाणारे विमान आपण वावरातून मान वर करून पाहतो. तिकीट काढून आत बसणारे आपल्यात थोडेच. पण जे विमान आपण खालूनच पाहिले, त्याच्या तोट्यात मात्र आपण वाटेकरी होतो. डिझेलपासून साबणापर्यंत आपण जो कर भरतो तो तिजोरीत जातो, आणि एअर इंडियाला वर्षानुवर्षे पैसा पुरवला तो याच तिजोरीने. तेव्हा हिशेब विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

ही कंपनी मुळात खासगीच होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन मुंबईला उतरले, ती तिची सुरुवात. महायुद्ध संपल्यावर डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि पावसाळी छत्र्यांसारख्या कंपन्या उगवल्या. विमाने झाली फार, प्रवासी थोडे. बहुतेकांचे दिवाळे वाजायची वेळ आली. शेवटी १ ऑगस्ट १९५३ रोजी देशातील आठ कंपन्या मिळून सरकारी इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशच्या फेऱ्या एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेल्या.

त्या काळातली आपल्या दाराजवळची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४९ साली रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परत. साध्या पाकिटालाही विमानाचे जादा तिकीट लावावे लागत नसे. अशा सेवेत नफा किती, हा प्रश्न गौण होता. तिचा उपयोग काय ते देशाला ठाऊक होते.

सरकारी म्हणजे वाईटच, असे मी म्हणणार नाही. टाटा १९७८ पर्यंत सरकारी एअर इंडियाचे अध्यक्ष होते आणि तिचा लौकिक जगभर होता. पुढे मात्र मालक कोण हेच कळेनासे झाले. सालदाराला एक धनी असेल तर काम होते. पाच जण पाच हुकूम सोडू लागले की तो बांधावर बसतो. कर्ज काढून एकदम १११ विमाने मागवली. मग २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण केले. दोन थकलेले बैल एका जुवाला जुंपले म्हणून वखर ओढला जात नाही. २०१८ मध्ये सरकारने ७६ टक्के हिस्सा विकायला काढला, तर एकही गिऱ्हाईक पुढे आले नाही.

अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांची बोली मंजूर झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी ताबा दिला गेला. किंमत १८,००० कोटी रुपये. त्यातले रोख फक्त २,७०० कोटी. उरलेल्या १५,३०० कोटींचे कर्ज टाटांनी अंगावर घेतले. एकूण कर्ज होते ६१,५६२ कोटी. म्हणजे ४६,२६२ कोटींचा बोजा सरकारकडेच राहिला. त्याच्या बदल्यात काही जमिनी व इमारती सरकारने ठेवून घेतल्या, पण त्यांच्या किमतीने हे कर्ज फिटण्यासारखे नव्हते. विक्री झाली नसती तर रोजचा सुमारे २० कोटींचा तोटा चालूच राहिला असता. माझ्या मते विकले ते योग्यच केले, फक्त दहा वर्षे उशिरा.

पण म्हणून खासगीकरणाचे ढोल वाजवावेत असेही नाही. आपण कापूसवाले, आपल्याला हे दुसऱ्या कुणी शिकवायला नको. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती. ग्रेडर म्हणेल ती प्रत आणि येईल तेव्हा चुकारा, तरी व्यापाऱ्याच्या मनमानीला आळा होता आणि भावाची शाश्वती होती. तोटा हजारो कोटींवर गेला आणि २००२ च्या सुमारास खासगी खरेदी पुन्हा खुली झाली. मग हिंगणघाट-आर्वीच्या बाजारात काय अनुभव आला? जिथे पाच-सहा जिनिंगवाले बोली लावतात तिथे भाव मिळतो. जिथे एकच असतो तिथे बंडी परत नेण्याची धमकी कुणाला द्यायची?

विमानांचेही तसेच झाले. देशातले निम्म्याहून जास्त प्रवासी एकट्या इंडिगो कंपनीकडे गेले. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना तिचे वेळापत्रक कोसळले, हजारो उड्डाणे रद्द झाली, दुसऱ्या कंपन्यांची तिकिटे भडकली आणि सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. एकाधिकार सरकारचा असो की सावकाराचा, अडलेल्याची अडवणूक होतेच.

राहिला प्रश्न तोट्याच्या मार्गांचा. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. उरलेल्या अर्ध्याची भरपाई राज्य शासनाने महामंडळाला द्यायची असते. हा मार्ग मला पटतो. सेवा द्यायची तर तिचा खर्च उघड लिहावा, कंपनीच्या तोट्यात दडवू नये. विमानांसाठी अशी सोय उडान योजनेत आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिले प्रवासी विमान उतरले ते याच योजनेत. ते होते अलायन्स एअरचे. एअर इंडिया विकताना ही धाकटी कंपनी सरकारने विकली नव्हती. उडानची मदत एका मार्गाला तीन वर्षांसाठी असते. तेवढ्या मुदतीत बेलोऱ्याला पुरेसे प्रवासी मिळाले नाहीत, तर पुढचा खर्च कुणी आणि किती दिवस सोसायचा, हे आमदार-खासदारांना आताच विचारून ठेवलेले बरे.